बुनयिप खरा होता का? त्याआधी तो कुठला आणि कोणाचा ते विचारा

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा मेलबर्नला इयर फाइव्हमध्ये आहे, प्रोजेक्टचा विषय मिळालाय 'अबोरिजिनल (म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या) लोककथांमधले गूढ प्राणी'. त्याने यूट्यूबवर टॉप टेन मॉन्स्टर्स टाइपचा एक व्हिडिओ पाहिला आणि आता त्यातले दहाही प्राणी त्याला चार्टवर चिकटवायचेत. बाबांना विचारतोय की बुनयिप, म्हणजे या गोष्टींमधला पाण्यात राहणारा भयंकर प्राणी, खरंच होता का, काही सायंटिफिक पुरावा आहे का. आणि व्हिडिओ पाहिल्यापासून लाइट चालू ठेवून झोपतोय.

मी इथल्या लायब्रऱ्यांमध्ये आणि प्रायमरी शाळांमध्ये मुलांना गोष्टी सांगायचं काम बरीच वर्षं करतेय, जुलैमध्ये नेडॉक वीक (मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा आठवडा) जवळ आला की हाच विषय दर वेळी समोर येतो. एक गोष्ट आधीच सांगते, मी अबोरिजिनल नाही, त्यामुळे मी फक्त तेवढंच सांगते जे त्या त्या लोकांनी स्वतःहून बाहेर सांगितलंय, छापलंय किंवा जागेवर बोर्ड लावून लिहिलंय. काही गोष्टी फक्त बायकांच्या असतात, काही फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांच्या, त्या आपल्यापर्यंत येत नाहीत आणि येऊही नयेत. मी जे लिहितेय ते या चौकटीतलं आहे.

आता तुमचा प्रश्न वरवर बघता 'बुनयिप होता की नव्हता' असा आहे, पण खरी अडचण त्या व्हिडिओच्या यादीत आहे. दहा प्राणी एका ओळीत उभे केले की सगळे एकाच जंगलातून निघाल्यासारखे वाटतात. १७८८ मध्ये इंग्रज इथे उतरले तेव्हा या खंडावर अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या, प्रत्येक लोकांचा आपापला मुलूख, आपापले कायदे, आपापल्या गोष्टी. त्यातला प्रत्येक प्राणी एका ठराविक डोहाशी, कड्याशी, सरोवराशी बांधलेला असतो. आपल्याकडे एखाद्या विहिरीच्या साती आसरा असतात ना, त्या त्या विहिरीच्याच असतात, त्यांना उचलून 'इंडियन मॉन्स्टर' म्हणून बंगालच्या भुताशेजारी लावलं तर गावातल्या म्हातारीला जे वाटेल तेच इथल्या एल्डर्सना, म्हणजे त्या लोकांमधल्या जाणत्या वडीलधाऱ्यांना वाटतं. म्हणून मी मुलांना पहिला प्रश्न शिकवते तो हा: हा कुठला आणि कोणाचा? त्याचं उत्तर ज्या वेबसाइटवर नाही ती वेबसाइट बाजूला ठेवायची. तुमच्या यादीतला ड्रॉप बेअर, झाडावरून माणसाच्या अंगावर पडणारा कोआला, तर इथेच गळतो, ती परदेशी टुरिस्टना घाबरवायला रचलेली थाप आहे, अबोरिजिनल परंपरेशी तिचा काही संबंध नाही. यावीचंही सांभाळून. केसाळ माणसांच्या गोष्टी न्यू साउथ वेल्समधल्या काही लोकांकडे आहेत, पण व्हिडिओत जो दिसतो तो बराचसा १९७० नंतर बिगफूटच्या साच्यात बसवलेला आहे.

बुनयिपवर मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण त्याच्याकडे बघितलं की हा सगळा घोळ कसा झाला ते कळतं.

नाव व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातल्या भाषांमधून आलंय, वेंबा-वेंबा आणि वर्गाया या त्यातल्या. पाण्यातलं काहीतरी भयंकर, दलदलीत, बिलबाँगमध्ये (नदीपासून तुटलेल्या डोहात), नदीच्या खोल वळणात राहणारं, एवढं सगळीकडे कॉमन. दिसायला कसं, तर जेवढे सांगणारे तेवढी रूपं. जुलै १८४५ मध्ये 'जिलाँग अ‍ॅडव्हर्टायझर' पेपरात बातमी आली, जिलाँगजवळ सापडलेलं एक मोठं हाड तिथल्या एका अबोरिजिनल माणसाला दाखवलं तर त्याने हे बुनयिपचं म्हणून सांगितलं. पेपराने केलेलं वर्णन म्हणजे इमूसारखं डोकं, लांब चोच, बाकी मगरीसारखं, पाण्यात बेडकासारखा पोहतो आणि जमिनीवर मागच्या पायांवर उभा राहिला तर बारा-तेरा फूट. विल्यम बकली नावाचा पळालेला कैदी १८०३ ते १८३५ अशी ३२ वर्षं त्याच भागात वाथाउराँग लोकांबरोबर राहिला होता, १८५२ मध्ये छापलेल्या त्याच्या आठवणींमध्ये मोदेवारे सरोवरातल्या बुनयिपची फक्त पाठ दिसल्याचं आहे, मळकट राखाडी पिसांची, मोठ्या वासराएवढी.

मग इंग्रजांना वाटलं हा अजून न सापडलेला प्राणी आहे, शोधलाच पाहिजे. त्या काळात ते चूक नव्हतं, बदकासारखी चोच असलेला प्लॅटिपससारखा प्राणी नुकताच बघितलेल्या माणसांना काहीही शक्य वाटणार. १८४६ मध्ये मरमबिजी नदीकाठी एक विचित्र कवटी सापडली, १८४७ मध्ये ती सिडनीच्या म्युझियममध्ये दोन दिवस लोकांना बघायला ठेवली, गर्दी झाली, आणि बघून गेलेल्यांपैकी कित्येक जण म्हणायला लागले की हो हो, मी पण बुनयिप बघितलाय. तज्ज्ञांनी बघितल्यावर कवटी घोड्याच्या किंवा गाईच्या विकृत पिल्लाची निघाली, दोघा शास्त्रज्ञांचं यावर एकमत झालं नाही, पण बुनयिप नाही यावर झालं. तर मुलाच्या 'पुरावा आहे का' या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही, असा प्राणी होता याचा पुरावा नाही.

पण गोष्टीच्या मागे काय असावं यावर अंदाज आहेत, ते त्याला नक्की सांगा, मुलांना हा भाग आवडतो. एक म्हणजे सील. समुद्रातले सील कधीकधी मरे आणि डार्लिंग नद्यांमधून खूप आतपर्यंत येतात, १८५० मध्ये तर न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात कोनार्गोला एक सील मारला गेला होता. ज्याने समुद्र कधी बघितला नाही त्याच्यासमोर संध्याकाळी पाण्यातून मिशावालं गुळगुळीत डोकं वर आलं तर काय वाटेल विचार करा. दुसरं म्हणजे बिटर्न पक्षी, पाणगवतात लपून राहतो आणि रात्री घुमणारा खोल आवाज काढतो, त्याला इथे बुनयिप बर्ड म्हणतातही. तिसरं म्हणजे डिप्रोटोडॉन, गेंड्याएवढा शिशुधानी प्राणी, माणूस इथे आला तेव्हा तो जिवंत होता, आणि नदीकाठी त्याची हाडं निघतात. १८७१ मध्ये जॉर्ज बेनेट यांनी पहिल्यांदा असा संबंध सुचवला होता. मला स्वतःला सील आणि बिटर्न जास्त पटतात, पण माझ्या दृष्टीने हा सगळा तपास दुय्यम आहे, कारण सील होता म्हणून सांगितलं की मूल समाधानाने वही मिटतं आणि गोष्ट ज्यांची आहे ते लोक चित्रातून गायबच राहतात.

म्हणून मी चॅलिकमचं सांगते. अरारात गावाजवळ फायरी क्रीक म्हणून ओढा आहे, तो जाब वुर्रुंग लोकांचा मुलूख. तिथे एका बुनयिपने माणसाला मारलं आणि लोकांनी त्याला भाल्याने मारलं, आणि तो जिथे पडला तिथे त्याच्या देहाभोवती जमिनीवर रेघ ओढून त्याची आकृती कोरून ठेवली, सुमारे ११ पावलं लांब आणि ४ पावलं रुंद. नंतर दर वर्षी लोक तिथे येऊन ती रेघ परत कोरायचे, गवत वाढून पुसली जाऊ नये म्हणून. एकोणिसाव्या शतकात वसाहतीतल्या लोकांनी तिचं चित्र काढून ठेवलं म्हणून आपल्याला आकार माहीत आहे, जमिनीवरची आकृती आता राहिलेली नाही. कारण उघड आहे, रेघ परत ओढणाऱ्यांचीच जमीन मेंढरांच्या रानांमध्ये गेली. माझ्यासाठी बुनयिपचा पुरावा मागणाऱ्याला दाखवायची वस्तू ही आहे. तो प्राणी होता की नाही ते सोडा, पण एका ओढ्याकाठी काहीतरी घडलं होतं आणि ते विसरायचं नाही म्हणून माणसं दर वर्षी चालत येत होती एवढं त्यातून समजतं.

तसंच दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या शेवटच्या टप्प्यात, सरोवरं आणि कुरॉंगच्या भागात, नगारिंजेरी लोकांचा मुल्यावाँक. बाहेरचे लोक त्यालाही बुनयिपच म्हणून टाकतात. तो मूळचा माणूस, वाट्यापेक्षा जास्त मासे घेणारा हावरट, त्याला पाण्यात टाकलं गेलं, आता तो हावरटांना आणि एकटं पाण्याकाठी जाणाऱ्या पोरांना ओढून नेतो. मरे नदी वरून संथ दिसते पण खाली बुडालेली झाडं आणि ओढ असते, इथल्या नदीत बुडण्याच्या आकडेवारीत ती आजही वरच असते. पाच वर्षांच्या मुलाला अंडरकरंट समजावून सांगता येत नाही, मुल्यावाँक मात्र लगेच समजतो. आणि मोठ्यांसाठी त्याच गोष्टीत मासेमारीचा नियम आहे.

तुम्ही व्हिक्टोरियात राहता तर माझी शिफारस बुनयिप नाही, नार्गुन. गिप्सलँडमधल्या गुनाईकुर्नाई लोकांचा. अर्धा माणूस अर्धा दगड, हात आणि छाती सोडून सगळं अंग दगडाचं, आणि त्याच्यावर भाला किंवा बूमरँग फेकलं तर ते उलटून फेकणाऱ्यालाच लागतं. त्याची जागा तुम्ही जाऊन बघू शकता, मिचेल रिव्हर नॅशनल पार्कमध्ये डेन ऑफ नार्गुन. वरून झाडीतून खाली उतरत गेलं की ओढ्याचं पाणी एका कपारीवरून पडतं, समोर डोह, आणि पाण्याच्या पडद्यामागे गुहेचं काळं तोंड. उन्हाळ्यात धार बारीक होते तेव्हा आतला अंधार जास्त दिसतो. भर दुपारी सुद्धा खाली गारवा असतो आणि आपण आपोआप हळू बोलायला लागतो. ही जागा विशेषतः बायकांची आहे, त्यांचे विधी आणि शिकवण इथे होत असावी असं पार्कच्या माहितीतही आहे. आता गोष्ट परत वाचा: तिकडे जाऊ नका, नार्गुन ओढून नेईल. मुलं कँपपासून लांब भटकत नाहीत आणि जागेचं पावित्र्यही राखलं जातं, दोन्ही कामं एकाच गोष्टीने होतात, कुंपण नाही की बोर्ड नाही. २०१० मध्ये गुनाईकुर्नाईंना नेटिव्ह टायटल, म्हणजे त्यांच्या जमिनीवरच्या पारंपरिक हक्काला कायद्याची मान्यता मिळाली आणि आता या पार्कच्या व्यवस्थापनात ते स्वतः आहेत. गुहेच्या आत जाऊ नका अशी विनंती आहे, ती पाळा, डोहाच्या अलीकडून सगळं दिसतं.

बाकीच्यांवर थोडं थोडं.

रेनबो सर्पंट यादीत 'मॉन्स्टर' म्हणून टाकलाय तो कृपया काढा. तो सृष्टी घडवणारा आहे, नद्या त्याच्या सरपटण्याने झाल्या, आणि तोही एक नाही. पर्थच्या नूंगार लोकांचा वागल, पश्चिम अर्नहेम लँडचा नगाल्योड, मध्य वाळवंटात वानाम्बी, सगळ्यांना मिळून रेनबो सर्पंट हे नाव १९२६ मध्ये रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने रूढ केलं. व्हिक्टोरियातल्या बुंजिल गरुडाचंही तेच, तो निर्माता आहे, राक्षसांच्या रांगेत नको. या सर्पाची एक गोष्ट मात्र मुलाला सांगाच. क्वीन्सलँडमध्ये अ‍ॅथर्टन पठारावर ईचम, बॅरीन आणि युरामू अशी ज्वालामुखीच्या विवरांमधली सरोवरं आहेत. तिथल्या नजाँजी लोकांच्या गोष्टीत दोन नुकतीच दीक्षा घेतलेली पोरं नियम मोडतात, सर्प चिडतो, जमीन ढगासारखी गडगडते, वादळी वारा सुटतो, आकाशात कधी न पाहिलेल्या रंगाचा लाल ढग येतो, आणि जमीन फाटून माणसं आत जातात. भाषातज्ज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ मध्ये ती छापली तेव्हा एक तपशील नोंदवला, सांगणाऱ्याने म्हटलं होतं की तेव्हा इथे असं दाट जंगल नव्हतं, उघडं खुरटं रान होतं. आज तिथे घनदाट रेनफॉरेस्ट आहे. आणि युरामूच्या तळातल्या परागकणांच्या अभ्यासातून कळलं की तिथलं रेनफॉरेस्ट जेमतेम ७६०० वर्षांचं आहे! म्हणजे गोष्टीत त्याच्याही आधीचं रान शिल्लक आहे. मी हे मोठ्या मुलांच्या वर्गात सांगते तेव्हा पुरावा हा शब्द त्यांना वेगळ्या बाजूने दिसायला लागतो.

मिमी सुद्धा घाबरायचे नाहीत. अर्नहेम लँडचे हे काडीसारखे बारीक जीव, इतके बारीक की जोराचा वारा आला तर मान मोडेल, म्हणून वारा पडलेला असेल तेव्हाच बाहेर येतात, एरवी खडकाच्या भेगांमध्ये. माणसांना शिकार आणि चित्रकला त्यांनी शिकवली. काकाडूमध्ये उबिर्रला एका कड्याच्या खूप उंच भागावर, जिथे हात पोचणं शक्य नाही, तिथे चित्रं आहेत, आणि सांगतात की मिमींनी तो खडक खाली ओढला, रंगवला आणि परत वर ठेवला. तिथलाच नामारगॉन, विजेचा पुरुष, कोपरांना आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या, त्या आपटल्या की वीज आणि गडगडाट, आणि अंगाभोवती विजेचा पट्टा. पावसाळ्याआधीची वादळं सुरू होताना केशरी-निळ्या रंगाचा लाइकहार्ट टोळ दिसायला लागतो, ती त्याची मुलं. चित्र काढायला मुलांना हा सगळ्यात जास्त आवडतो. केप यॉर्कमध्ये लॉराजवळचे क्विंकन पण आहेत, उंच बारीक तिमारा आणि बुटके जाडे, शेपटीवर टुणटुण उड्या मारत पोरं पळवणारे इमजिम, एकमेकांचे विरोधक.

एक जड गोष्ट, ती तुम्ही बाबा म्हणून वाचा, मुलाला सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. वाळवंटातल्या आनांगु लोकांमध्ये मामू म्हणजे दुष्ट शक्ती. १५ ऑक्टोबर १९५३ ला ब्रिटनने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात इमू फील्डला अणुबाँबची चाचणी केली आणि नंतर वाळातिन्नाच्या वस्तीवरून काळं धुकं सरकत आलं. यामी लेस्टर तेव्हा लहान होते, पुढे त्यांची दृष्टी गेली, आणि त्यांनी सांगितलं की म्हाताऱ्यांना तो मामू वाटला, त्याला परतवायला ते त्याच्या दिशेने आपले वूमेरा, म्हणजे भाला फेकायच्या काठ्या, उगारत होते. १९८४-८५ च्या रॉयल कमिशनसमोर (सरकारी चौकशी आयोगासमोर) या काळ्या धुक्याचा विषय आला. 'अंधश्रद्धा' म्हणून या गोष्टी झटकून टाकणाऱ्यांना मी हे सांगते. कोणीही न बघितलेली, माणसांना आजारी पाडणारी काळी गोष्ट समोरून येत होती, ती दुष्ट आहे आणि तिच्यापासून वाचायला हवं हे त्या म्हाताऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. चाचणी करणाऱ्यांनी त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

यादीतला यारा-मा-या-हू, अंजिराच्या झाडावरचा लाल बुटका, बोटांना चोषक असलेला, त्याच्यामुळे एक पुस्तकांची गोष्ट निघते. अशा कितीतरी कथा १९२० च्या दशकात डेव्हिड युनायपॉन यांनी लिहिल्या, नगारिंजेरी लेखक आणि संशोधक, लोकर कातरायच्या यंत्रात सुधारणा करून १९०९ मध्ये पेटंट घेतलेले, तुमच्या पाकिटातल्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे. त्यांच्या कथा १९३० मध्ये रॅमसे स्मिथ या दुसऱ्याच माणसाच्या नावावर पुस्तक म्हणून छापल्या गेल्या, युनायपॉन यांच्या नावाने ते पुस्तक निघायला २००१ उजाडलं. म्हणून मुलाला सोर्स लिहायला सांगाल तेव्हा फक्त वेबसाइट नको, गोष्ट कोणत्या लोकांची आणि सांगितली कोणी हे दोन्ही लिहायला लावा.

घाबरण्याबद्दल. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, पण माझा अनुभव असा की मूल गोष्टीने कमी आणि पार्श्वसंगीताने जास्त घाबरतं. 'असं काही नसतं, झोप' म्हणून उपयोग होत नाही. त्याला जागा दाखवा. मॅप उघडा, नार्गुन गिप्सलँडमधल्या त्या एका गुहेत, मुल्यावाँक मरेच्या खालच्या टोकाला, क्विंकन तीन हजार किलोमीटर लांब. कोणीच तुमच्या सबर्बमधल्या कपाटात राहत नाही आणि कोणीही आपली जागा सोडून येत नाही. मुलांना हे लगेच पटतं कारण गोष्टीचा नियमच तो आहे. मुलगा फारच त्रासात असेल, झोपेचं खोबरं होत असेल, तर मात्र प्रोजेक्टचा विषय बदलायला टीचरशी बोला, तेवढं ताणण्यात अर्थ नाही.

चार्टचं असं करा. दहा नको, एक घ्या, फार तर दोन. नार्गुन घेणार असाल तर मध्ये व्हिक्टोरियाचा नकाशा, आयॅट्सिस या मूळ रहिवाशांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा भाषांचा मॅप ऑनलाइन फुकट बघता येतो, त्यावर गुनाईकुर्नाई मुलूख शोधून रंगवायला सांगा. बाजूला गुहेचं त्याने स्वतः काढलेलं चित्र, एआयने बनवलेलं नको, कारण त्या चित्रांमध्ये सगळ्या लोकांच्या ठिपक्यांची आणि रेघांची सरमिसळ असते, आणि मुलाने स्वतः ठिपके काढून 'अबोरिजिनल स्टाइल' करणंही टाळा, ती त्या लोकांची त्यांची आहे. खाली गोष्ट चार-पाच ओळींत, आणि ती मुलांना काय सांगण्यासाठी होती ते. बुनयिपच हवा म्हणून हट्ट धरला तर चॅलिकमचा घ्या, ११ पावलं लांबीची रेघ शाळेच्या मैदानावर खडूने ओढू द्या, टीचर बहुतेक हो म्हणतील.

जायला जमत असेल तर आधी मेलबर्न म्युझियममधलं बुंजिलाका हे अबोरिजिनल संस्कृतीचं दालन बघा, लांब नाही आणि अर्ध्या दिवसात होतं. डेन ऑफ नार्गुन बेर्न्सडेलच्या पुढे, तुमच्याकडून चारेक तासांची ड्राइव्ह, लाँग वीकेंडला ठीक. बेर्न्सडेलमध्ये गुनाईकुर्नाईंचं क्रोवाथुंकूलाँग कीपिंग प्लेस, म्हणजे त्यांच्या वस्तू आणि इतिहास जपणारं छोटं संग्रहालय आहे, ते कोणत्या दिवशी उघडं असतं ते फोन करून विचारून मगच निघा. खाली उतरायचा रस्ता तीव्र उताराचा आणि पायऱ्यांचा आहे, पावसानंतर निसरडा होतो, मुलाला चांगले बूट घाला, पाणी घ्या, आणि खूप ऊन किंवा आगीचा धोका जाहीर झालेला असेल त्या दिवशी पार्क्स व्हिक्टोरियाची वेबसाइट बघितल्याशिवाय जाऊ नका.